डावीकडचं दार

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सीताबर्डीला बसच्या रांगेत उभ्या असलेल्या तारामास्तरीणबाईंच्या मागे दोन बाया बोलत होत्या.

"कौसल्या, तुह्या नवऱ्यानं जुनी मोटार घेतली ना वं? मंग बसनं काहून?"

"वळणावर तिचं डावं दार आपोआप उघडते, बायजाबाई. काल जरीपटक्याच्या वळणावर मी रेतीच्या ढिगावर पडली!"

"अवं माय! अन् ते?"

"गेले बोलत बोलत पुढं. वापस येऊन म्हणतात, मी कवापासून विचारून राहिलो, तू बोलत काहून नाही?"

तारामास्तरीणबाईंनी तोंडात पदर कोंबला.

"त्या मॉडेलचं दार तसंच असते वं. आमच्या मोटारीचं बी उघडते. आज टायर बसला म्हणून मी इथं."

"मंग तुम्ही काय केलं?"

"मी चालवाले शिकली. आता ते पडतात."

हसता हसता तिघींचीही बस सुटली.