गोळीनं उतरलं होतं

बन्सीधर : आजच, मॅडम. सकाळी, कपडे वाळू घालताना पडली. त्याच्याआधी कायबी न्हाई. तसंच लिहा तुमी.

डॉ. धम्मशीला : काका, घाई नको, नीट आठवा. असं एकदम डोकं दुखून काकू आधी कधी खाली बसल्या होत्या?

बन्सीधर : म्हणलो ना, न्हाई. मीबी ह्याच लायनीतला हाय. पालमला मेडिकल हाय माझं, सत्तावीस वर्षं. समदं गाव मला डाक्टरच म्हणतंय. घरच्या बाईचं मला कळणार न्हाई का?

डॉ. धम्मशीला : मग तुम्हाला सांगणं सोपं. हा स्कॅन बघा. हे पांढरं दिसतंय ना, ते रक्त आहे. मेंदूभोवती सांडलेलं.

बन्सीधर : म्हंजी लकवा म्हणा की.

डॉ. धम्मशीला : लकवा नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला. सायकलच्या ट्यूबचं रबर एका जागी विरलं की हवा भरताना तिथंच फुगवटा येतो, तसंच हे. नस जिथं दोन फाट्यांत जाते तिथली भिंत नाजूक असते. रक्ताचा दाब रोज तिथंच बसतो. फुगा वर्षानुवर्षं वाढतो आणि माणसाला पत्ताही नसतो. बीपी होतं काकूंना?

बन्सीधर : व्हतं. थोडं.

डॉ. धम्मशीला : गोळी चालू आहे?

बन्सीधर : दिवाळीत बंद केली. उगं सवय लागती म्हणून.

डॉ. धम्मशीला : कुणी बंद केली?

बन्सीधर : मीच की.

डॉ. धम्मशीला : मिश्री लावतात?

बन्सीधर : लावती. दोन टाइम. जुनी सवय हाय, सोड म्हणलं तरी सुटंना.

डॉ. धम्मशीला : त्यांच्या माहेरी कुणी असं अचानक गेलंय का?

बन्सीधर : तिची माय. सोनपेठला आडावर पाणी शेंदता शेंदता पडली, ती उठलीच न्हाई. चाळिशीबी गाठली नव्हती. लोक म्हणले बाहेरचं झालं.

डॉ. धम्मशीला : हेच झालं असेल कदाचित. काही घराण्यांत असतं. बरं, काकूंची उजवी पापणी कधीपासून पडलीय?

बन्सीधर : आजपासूनच.

डॉ. धम्मशीला : बाहेर तुमची राजेश्री रडत बसलीय. ती म्हणते, चार दिवसांपूर्वी व्हिडिओ कॉलवर आईचा एक डोळा अर्धा मिटलेला दिसला.

बन्सीधर : पोरीला काय कळतंय! झोप झाली नसंल.

डॉ. धम्मशीला : काका, फुगा मोठा झाला की डोळ्याची नस दाबतो. मग पापणी पडते, एकाचे दोन दिसतात. आणि पूर्ण फुटायच्या आधी कधी कधी तो थोडासा गळतो. डोकं एकदम फुटल्यासारखं दुखतं, मग जरा कमी होतं. मी त्यांना संभाजीनगरला पाठवतेय. तिथले सर्जन पहिलं हेच विचारणार, आधी गळलं होतं का आणि कधी. गळल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुढं दोन आठवडे मेंदूच्या नसा आवळायची भीती असते. दिवस चुकला तर त्यांचा सगळा अंदाज चुकेल. पोटात कोणत्या गोळ्या गेल्यात तेही त्यांना कळायला पाहिजे. मला तुमची चौकशी करायची नाही. काकूंना वाचवायचंय.

बन्सीधर : दार लोटा जरा. जावईबापू हायत बाहेर.

डॉ. धम्मशीला : लोटलं. बोला.

बन्सीधर : धोंड्याचं जेवण व्हतं. पोरीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना. योगीराजराव, त्यांचे मायबाप, पाव्हणेरावळे, पंधरा पानं. आमची केसर चुलीपुढं धोंडे तळायली व्हती. एकदम हातातला झारा पडला आन् डोकं धरून खाली बसली. म्हणली, अहो, डोक्यात कायतरी फुटलं.

डॉ. धम्मशीला : हेच शब्द?

बन्सीधर : हेच. आन् मी म्हणलो, जावयासमोर तमाशा करू नको.

डॉ. धम्मशीला : उलटी झाली?

बन्सीधर : मागल्या दारी जाऊन वकली. मी दोन गोळ्या देल्या. तोंड धुतली आन् परत तळायला बसली. पंगत उठंस्तोवर बसली, मॅडम. दुसऱ्या दिवशी मान आखडली म्हणली, तर म्हणलो उशी बदल.

डॉ. धम्मशीला : किती दिवस झाले याला?

बन्सीधर : आज अकरावा. दुसऱ्या कुणाची बायको असती तर त्याच घडीला परभणीला धाडलं असतं मी. दुकानात रोज तेच सांगतो बायांना.

डॉ. धम्मशीला : गोळी कोणती?

बन्सीधर : अ‍ॅस्पिरिन. सकाळ-सांज.

डॉ. धम्मशीला : आजसुद्धा?

बन्सीधर : आजबी.

डॉ. धम्मशीला : काका, ती गोळी रक्त गोठू देत नाही.

बन्सीधर : ठाव हाय. सत्तावीस वर्षं विकायलाव, मला ठाव नसंल का? लय शरम वाटायलीय, मॅडम. तोंड कुठं लपवू?

डॉ. धम्मशीला : तोंड मागाहून लपवा. आधी डोस सांगा.

बन्सीधर : तीनशे पंचवीसची. दोन-दोन. वाचंल का ती?

डॉ. धम्मशीला : खोटं बोलणार नाही. परत फुटला तर अवघड आहे. त्याच्या आत तो फुगा बंद करता आला तर आशा आहे. गोळ्यांचं आधी कळलं म्हणजे ते तशी तयारी ठेवतील. उशिरा सांगितलंत, पण कामाचं सांगितलंत.

बन्सीधर : हे जावईबापूंच्या कानावर…

डॉ. धम्मशीला : माझ्याकडून जाणार नाही.

(स्ट्रेचर अँब्युलन्सकडे निघालं आहे. केशरबाई ग्लानीत, पण बोलण्याइतक्या शुद्धीवर. एका बाजूला लेक-जावई, दुसऱ्या बाजूला बन्सीधर आणि डॉक्टर.)

डॉ. धम्मशीला : (कानाशी वाकून, हळू आवाजात) काकू, ऐकू येतंय? धोंड्याच्या जेवणादिवशी डोकं दुखलं होतं, आठवतं का?

केशरबाई : ते व्हय? काय न्हाई, ताई. जरासंच व्हतं. ह्यांनी गोळी देली. ह्यांच्या गोळीनं उतरलं व्हतं.

डॉ. धम्मशीला : आणि डोळा?

केशरबाई : उनाचं झालं आसंल. गोळीला नावं नका ठिवू, ताई. गावात लय मान हाय ह्यांचा.

बन्सीधर : केसर, गप पड.

केशरबाई : जावईबापू जेवले का?

बन्सीधर : योगीराजराव, तुमीबी ऐका. त्या दिवशी तुमच्या ताटात धोंडे पडले, तवाच हिनं मला सांगितलं व्हतं. मीच उठू देलं न्हाई. लिहा, मॅडम. उतरलं नव्हतं.