‘मी नाही’चा पहिला नंबर

(शाळेतली शिक्षकांची खोली, मधली सुट्टी. दोघी सख्ख्या जावा. थोरली पहिलीला शिकवते, धाकटी दुसरीला.)

धाकटी : ...आणि टॅबलेट उलटा धरून म्हणतो कसा, “बाई, माझा प्रश्न शीर्षासन करतोय!”

थोरली : अगं हळू! चहा सांडेल. आधी श्वास घे.

धाकटी : नंतर घेते. ताई, तुम्ही असायला हवं होतं! सव्वीस पोरं, सव्वीस टॅबलेट. भिंतीवर मोठ्ठा प्रश्न आणि हातात चार रंग. बरोबर उत्तराचा रंग दाबायचा. पटकन दाबला तर जास्त गुण.

थोरली : म्हणजे तो संगणकावरचा खेळ केलासच तू.

धाकटी : खेळ नाही हो, चाचणी! फक्त एक घोटाळा झाला. मी म्हटलं, नाव टाका. ‘आपलं’ नाव टाका, म्हणायची विसरले. झालं! एक वाघोबा, तीन राजकन्या, एक ‘भूक लागली’ आणि एक ‘बाईंचा बाप’.

थोरली : अगं बाई! आणि मोठ्या बाई? मुख्याध्यापिका म्हणून तास बघायला बसल्या होत्या ना?

धाकटी : मागच्या बाकावर, वही उघडून. एवढ्याशा बाकात गुडघे हनुवटीला टेकलेले. चेहरा नुकतीच इस्त्री केल्यासारखा. म्हटलं, आज आपलं काही खरं नाही.

थोरली : बोलल्या काही?

धाकटी : बोलतायत कशाला? तिसऱ्या प्रश्नाला ते संगीत सुरू झालं, पोरं उड्या मारायला लागली आणि मोठ्या बाईंचा पाय ताल धरायला लागला. मी या डोळ्यांनी पाहिलं!

थोरली : बघ, हुल्लडच ती. मी बावीस वर्षं तोंडी घेते. मूल समोर उभं करायचं, डोळ्यांत बघायचं, विचारायचं. येतंय की नाही, लगेच कळतं.

धाकटी : पुढचं तर ऐका. पहिला नंबर कोणाचा आला, माहितेय? मी नाही.

थोरली : तुझा कसा येईल?

धाकटी : माझा नाही हो! ‘मी नाही’चा!

थोरली : तेच म्हणतेय, तुझा नाही. मग कुणाचा?

धाकटी : अहो, नावच ते! कुणीतरी आपलं नाव टाकलं होतं, ‘मी नाही’. दहापैकी नऊ! मी वर्गाला विचारलं, “ ‘मी नाही’ कोण आहे?” सव्वीसच्या सव्वीस एका सुरात, “मी नाही!”

थोरली : अरे देवा!

धाकटी : मग मोठ्या बाई उठल्या. म्हणजे आधी बाक उचललं गेलं, मग त्या. कडक आवाजात, “घाबरू नका, खरं सांगा. तुमच्यातला ‘मी नाही’ कोण?” “मी नाही!” वाघोबा तर रडायलाच लागला. “आईशप्पथ बाई, मी नाही!”

थोरली : थांब, थांब, पोटात दुखायला लागलं माझ्या! सापडला का शेवटी?

धाकटी : सापडला नाही, सापडली. कोणाचं काय चुकलं, ते मी भिंतीवर दाखवायला घेतलं. शेवटचा प्रश्न होता, जाळं विणणाऱ्या कोळ्याला पाय किती. आधी तिथे मुंगीचा प्रश्न होता. मी प्रश्न बदलला, उत्तर बदलायचं राहिलं.

थोरली : म्हणजे सहा हेच बरोबर?

धाकटी : हो ना! सहा दाबणारी पोरं नाचतायत आणि आठ दाबणाऱ्या एकट्या ‘मी नाही’समोर लाल फुली. तेवढ्यात खिडकीपाशी कुणीतरी म्हणालं, “बाई, आठ. सहा मुंगीला असतात.”

थोरली : खिडकीपाशी कोण बसतं तुझ्याकडे?

धाकटी : ताई... तीच.

थोरली : ती? ती बोलली?

धाकटी : मोठ्यांदा. मोठ्या बाईंच्या हातातून पेन पडलं.

थोरली : पहिलीत वर्षभर माझ्या वर्गात तोंड उघडलं नाही गं तिनं! कोण सांगणार म्हटलं की मान खाली. फार झालं तर पुटपुटायची, “मी नाही.”

धाकटी : म्हणून तर धावत आले. आज तिची आई येतेय ना, परत पहिलीत बसवायच्या कागदावर सही करायला?

थोरली : शेरा माझा आहे त्यावर. ‘आकलन नाही.’

धाकटी : हो.

थोरली : रंग तर दाबायचा असतो. लागला असेल नशिबानं.

धाकटी : नऊ वेळा? आणि दहाव्यांदा बाईंची चूक काढली, तीही नशिबानं?

थोरली : ...मोठ्या बाई काय म्हणाल्या?

धाकटी : “शेरा ज्यांनी लिहिला, त्यांना विचारा.” कागद आणलाय मी.

थोरली : आण इकडे. पेन दे.

धाकटी : अहो, एवढ्या जोरात नका खोडू, फाटेल!

थोरली : फाटू दे. मी तिच्या डोळ्यांत बघत बसले, आणि पोरीला नेमकं तेच नको होतं.

धाकटी : ताई, ती दारातच उभी आहे. आई येईपर्यंत इथे थांब म्हटलं होतं मी.

थोरली : ये गं, आत ये. मी कप विसळतेय हं, तुझ्याकडे बघत नाहीये. एक विचारू?

मुलगी : हं.

थोरली : माझ्या वर्गात तुला काय आवडायचं नाही?

मुलगी : उभं राहिलं की सगळे बघायचे.

थोरली : मीसुद्धा?

मुलगी : तुम्ही जास्त.

थोरली : चुकलंच माझं.

मुलगी : बाई...

थोरली : काय गं?

मुलगी : कप पुसायला फडकं देऊ?

थोरली : दे. नाही, असं कर, मी धुते, तू पूस.