गळ्याशी वस्तरा

– नाही नाही, बस तू, उठू नकोस, चहा सांडला म्हणून काय झालं? टेबलच आहे ते, पुसलं की झालं. ही किटलीच दळभद्री, तोटी वाकडी आहे तिची – बाहेर अख्खं इस्तंबूल उभं केलंय प्लायवूडचं, मशिदीसकट, आणि नटाच्या खोलीत धड किटली देता येत नाही यांना. इंग्रजांच्या देशात! घे. अर्धा कप तरी आलाय. साखर नको ना तुला? हिरो लोक घेत नाहीत. मी तीन चमचे घेतो, मला कोण शर्ट काढून उभं करणार आहे?

सकाळच्या तालमीचं विचारतोयस ना, येतो, त्याच्यावरच येतो. पण आधी मला एक सांग, हिरोसाहेब – या आपल्या सिनेमात लोक घाबरणार कुणाला? सर ऑस्वल्डना? छे! थोर नट आहेत, वादच नाही, राणीनं खांद्यावर तलवार टेकवलेला माणूस. पण सिनेमाभर करतात काय ते? ऑर्किडांना पाणी घालतात आणि जग कसं बुडवणार ते सांगतात. सांगतात, सांगतात, सांगतच बसतात. लोक शेंगदाणे खात ऐकतात. अरे, जग बुडणार म्हटलं की कुणाच्या पोटात गोळा येत नाही – जग फार मोठं आहे, ते बुडालं तर शेजाऱ्याचंही बुडेल, मग काय एवढं! पण जिन्यावर बूट वाजले, आणि दाराची मूठ हळूच फिरली – की मागच्या रांगेतली बाई नवऱ्याचा दंड पकडते. ते बूट कुणाचे? माझे. एक नंबरचा व्हिलन बोलतो, दोन नंबरचा येतो. एवढाच फरक आहे, पण तिकीट त्या फरकावर खपतं, डेस्मंड.

आणि यायचं ते गप्प यायचं. लेखकानं मला पानभर भाषण लिहिलं होतं, तुला ठाऊक नसेल – न्हाव्याचा पांढरा कोट घालून मी मागं उभा, तू खुर्चीत, आणि मी तुला रशियाचा इतिहास ऐकवतोय! मी गेलो त्याच्याकडं, म्हटलं, बाबा रे, खोड हे सगळं. रडवेला झाला बिचारा. म्हणाला, कॅझ, नट माझ्याकडं वाक्यं मागायला येतात, तू परत करायला आलास. म्हटलं, एकच ठेव – ‘मान जरा वर घ्या, साहेब.’ न्हावी रोज म्हणतो तेच. का? कारण दोन नंबरच्या माणसाला राग नसतो, द्वेष नसतो. तो कामावर आलेला असतो, आपल्याकडं नळ दुरुस्त करायला माणूस येतो ना, तसा. ज्याला राग आहे त्याला समजावता येतं, पैसे देऊन वळवता येतं – नळवाल्याला काय समजावणार? म्हणून तर मी तुझ्या गळ्याखालचा टॉवेल आधी सरळ करतो, कोपरे जुळवतो. ते स्क्रिप्टमधे नाही, माझं आहे. क्रॅब्ट्री दिग्दर्शक म्हणून एवढा मिरवतो, त्याला दोन आठवडे ते दिसलंही नव्हतं.

अजून एक. दोन नंबरच्यानं एकदा तरी जिंकलं पाहिजे. तुझ्या एजंटनं काय गोंधळ घातला होता आठवतंय ना – ‘डेस्मंड कालव्यात पडलेला दिसता कामा नये.’ कोण भांडलं? मी भांडलो. तुझ्यासाठी भांडलो, लेका! मी तुला आधी कालव्यात फेकला नाही, तर न्हाव्याच्या खुर्चीत तुझं काय होणार म्हणून कोण धास्तावेल? लोक म्हणतील, हा काय, जिंकणारच आहे, चला लवकर निघू, बस चुकेल.

पण हे सगळं वरवरचं. कोट, टॉवेल, बूट – शिकवून येणाऱ्या गोष्टी आहेत. खरी मेख वेगळी आहे, ती मला कळायला वीस वर्षं लागली आणि तुला मी फुकट सांगतोय. भीती माझ्याजवळ नसतेच मुळी. ती तुझ्याजवळ असते. मी कितीही भेसूर तोंड करून उभा राहिलो, आणि तू खुर्चीत बसून आरशात बघून हसलास – तर मी कोण? हॉटेलातला न्हावी. दोन नंबरच्या व्हिलनला हिरो बनवतो, कळलं? तू घाबरलास तर मी आहे. आणि शूटिंग सुरू झाल्यापासून तू हसतोयस, डेस्मंड. कालव्यात हसलास, छपरावर हसलास. देखणा दिसतोस हसताना, मी कुठं नाही म्हणतो! पण त्या हसण्यानं रोज थोडा थोडा मरतोय मी.

आज सकाळी नाही हसलास.

आज सकाळी मी तुझं कपाळ मागं दाबलं, वस्तरा खाली आणला – रबरी होता, नुसता रबरी – आणि तुझे डोळे असे झाले… मी आरशात बघितले ना. वर मचाणावरचे लाइटवाले खाली वाकून बघतायत, चहावाली मॉड गाडी ढकलत आली होती ती तशीच उभी. आणि क्रॅब्ट्री ओरडला – ‘हेच! हेच मला कॅमेऱ्यात पाहिजे! रबर चमकत नाही, दुपारी खरा वस्तरा आणा!’ त्याला वाटलं तू अभिनय केलास. – रागावू नकोस, चेष्टा केली. तुला माहीत आहे का घाबरलास ते. मलाही माहीत आहे. वस्तरा टेकला तुला. थांबायचा तिथं थांबला नाही, सरळ गळ्याला टेकला. आणि मला वाटत होतं अजून चांगला बोटभर लांब आहे.

होतं असं कधी कधी. तालीम होती. माणूस दमतो, लाइटचा झोत डोळ्यांवर येतो, त्या खुर्चीचा पाय जरा हलतो – असा का बघतोयस टेबलाकडं?

बरं बाबा. किटलीची तोटी सरळ आहे. माहीत आहे मला.

डावा डोळा. गेल्या वर्षीच्या सिनेमात मला धरणावरून ढकलला होता, आठवतं? पाण्याच्या टाकीत पडलो, डोकं काठाला लागलं. आधी काजवे, मग कुणी पडदा ओढत आणल्यासारखी सावली, आणि मग काहीच नाही. आता त्या बाजूनं तू मला जीभ काढून दाखवलीस तरी कळणार नाही. आणि पेपरवाले लिहितात – ‘कॅझची ती थंड, न हलणारी नजर!’ हलेल कशी, मेलेली आहे ती! हस की, हसण्यासारखंच आहे. एका डोळ्याला जवळ-लांब कळत नाही म्हणतात डॉक्टर, हळूहळू सवय होते म्हणतात. कधी होते कुणास ठाऊक. घरी हॅलिना, माझी बायको, चहा ओतायच्या आधी माझं बोट धरून कपाच्या काठाला लावते – ‘कप इथं आहे, काझिक.’ मग एक थेंब सांडत नाही. एरवी असं. बघतोयसच तू.

विम्याच्या डॉक्टरला? त्याला फसवला, अगदी सोपं होतं. म्हणाला डावा डोळा झाका, मी डाव्या हातानं डावा झाकला. म्हणाला आता दुसरा, मी उजव्या हातानं पुन्हा डावाच झाकला. तो कागदात डोकं घालून बसला होता, मी अक्षरं धडाधड वाचतोय म्हटल्यावर सही ठोकली. नाहीतर काय करणार होतो? विमा नाही तर निर्माता दारात उभा करत नाही, आणि एकदा या धंद्यात कुजबुज झाली की कॅझ गेला कामातून – मग कायमचा घरी. तू म्हातारा झालास की तुला बापाच्या भूमिका देतील, न्यायाधीशाच्या देतील. माझ्या या उच्चारांना काय देतील? मी पोलिश माणूस, जन्मभर पडद्यावर रशियन म्हणून मेलो – माझी आई वरून बघत असेल तर तोंडात मारत असेल. दुकानात उभा राहिलो तर गिऱ्हाइकं पळतील. आणि पुढच्या वर्षीचा सिनेमा, डेस्मंड… त्यात मी शेवटच्या रिळापर्यंत जगतो! तोंडी ठरलंय. आजवर मला कुणी मध्यंतराच्या फार पुढं जाऊ दिलेलं नाही.

म्हणून तुझ्याकडं एक मागणं आहे. नीट ऐक, ऐकून मग नाही म्हण. तू क्रॅब्ट्रीकडं जायला निघाला होतास ना? माझ्याकडं आधी आलास, हा तुझा भलेपणा, मी विसरणार नाही. पण त्याला सांगायची गरजच नाही. गळा दाबायचा सीन आपण कसा करतो? दाबणारा दाबतच नाही, हात नुसते ठेवतो, आणि मरणारा ते हात धरून स्वतःच हिसके देतो. सगळी मेहनत मरणाऱ्याची. कुणाला लागत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं जीव चालला. तेच इथं करू. तू माझं मनगट धर दोन्ही हातांनी. कॅमेऱ्याला वाटेल तू मला लांब लोटतोयस. तू लोटायचं नाही, ओढायचं. वस्तरा तू आणायचास तुझ्या गळ्याशी, जेवढा हवा तेवढाच जवळ. मला दिसण्याची गरजच काय मग? हॅलिना बोट काठाला लावते तसं – स्पर्शानं. मी हात मेल्यासारखा ठेवतो. कुणाला कळणार नाही, तुला आणि मला सोडून.

बघ तर खरं करून. नाही, उठू नकोस, तोंड आरशाकडं. हा बघ वस्तरा. प्रॉपवाल्यानं धार घासून काढली आहे, लोणीसुद्धा कापत नाही. मी असा मागं. धर मनगट. घट्ट धर, लग्नात हात धरतोयस का! हां. आता ओढ. अजून. अरे, तूच आणतोयस ना, मग घाबरतोस काय? अजून… डोळे उघड, लेका! आपल्या दोघांत मिळून तीन डोळे, त्यातले दोन तू मिटून घेतलेस तर चालायचं कसं? शाबास. असं. बघ किती सोपं आहे. आता चेहरा आण – सकाळचा. सकाळचा आण. नाही, हे हसू झालं. हे तेच, रोजचं. आता कशाला हसतोस? आता तुला माहीत आहे काही होणार नाही म्हणून? नाही, तसं नाही… आरशात बघ. माझ्याकडं बघ. मान जरा वर घे. वर. हां, येतंय, येतंय, असंच, अजून थोडं –

सोड. सोड मनगट. हलू नकोस. मान तशीच ठेव, बघू दे मला.

कोपरा लागला. धार नसली तरी कोपरा असतोच त्याला, माझ्या लक्षात आलं नाही. खोल नाही, दोन थेंब आहेत. हा टॉवेल घे, दाबून धर. दाब.

नाही. तसं म्हणू नकोस. ‘मीच जास्त ओढलं’ – उगाच चांगुलपणा करू नकोस माझ्याशी. तू ओढत नव्हतास. शेवटी तू दोन्ही हातांनी जीव खाऊन लोटत होतास, मला मनगटात कळत होतं. कळत होतं, डेस्मंड! आणि मी ढकलत होतो. डोळ्याचा काही संबंध नव्हता त्यात. तू हसलास ना… मला तो चेहरा हवा होता. आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की – नको. काय बोलतोय मी.

कोण आहे? – येतात म्हणावं! हो, ऐकलं, लाइट तयार आहेत, क्रॅब्ट्रीला म्हणावं डेस्मंडसाहेब येतायत!

तुझंच नाव घेतलं मी. एकटा तू. जा आणि त्याला सांग, कॅझच्या जागी डबलला उभा कर, पाठीमागून घे शॉट, हातात रबरी वस्तरा दे – चमकला नाही तर नाही चमकला. डोळ्याचं सांग. विम्याच्या डॉक्टरचंही सांग, हसतील जरा. दुसरं सांगू नकोस. डोळ्याचंच सांग, डेस्मंड, तेवढं कर माझ्यासाठी.

थांब. डबलला हा कोट लागेल, दुसरा शिवलेला नाही त्यांनी. बटणं घट्ट आहेत मेली… नको, हात लावू नकोस, मला काढता येतो. आणि जवळ येऊ नकोस. तिथंच उभा राहा, मी टाकतो तुझ्याकडं.

पडला? उचल. जा आता.