दादाच्या नावावरची केस

छातीत कळ आलेल्या माणसाला मोहोळहून सोलापूरला न्यायचं, तर गाडी किती पळवायची? पोलिसांना विचारलं, वकिलांना विचारलं. कुणीच सांगितलं नाही.

दादा गेला आणि महिनाभरानं समन्स आलं. बेदरकार, भरधाव गाडी चालवल्याचा गुन्हा, तोही दादाच्याच नावावर, कारण हायवेच्या कॅमेऱ्यात दिसलेली, शिटा भरून न्यायची वडापची जीप त्याची. अरे, त्याच्या जीपमधल्या म्हाताऱ्यासुद्धा ओरडायच्या, "सुबास, ट्रॅक्टर गेला की रं म्होरं!"

वकील म्हणाले, "आरोपी मयत आहे. मृत्यूचा दाखला देऊ, केस बंद. तू फक्त गप्प बस."

बसलो होतो की गप्प. पण जज मॅडमनी वाचलं, "आरोपीने ताशी एकशे तीसच्या वेगाने, लोकांच्या जिवाची पर्वा न करता..." आणि मी ताडकन उठलो. वकील माझा शर्ट ओढतायत.

"मॅडम, दादा न्हाय, मी चालवत हुतो. दादा मागं आडवा पडला हुता."

"मग गुन्हा तुमच्यावर येईल. कळतंय का?"

"येऊ द्या की. पण त्येचं नाव काडा."

"हळू चालव, असं कुणी म्हणालं नाही तुम्हाला?"

"म्हनला की मॅडम. दादाच म्हनत हुता, 'हळू रं बाळा, म्होरं शाळा हाय.'"

मॅडमनी माझा जबाब लिहून घ्यायला सांगितलं. कारकुनानं कागद पुढं केला, तर मी म्हणालो, "शाळेचं बी लिवा."

त्यानं लिहिलं. मगच मी सही केली.