रांगेतला उणे एक

घाटकोपरच्या रेशन दुकानात आठवड्याने रॉकेल आलं होतं. रांगेत गुप्तेबाई बाराव्या होत्या. पुढे त्यांच्याच सातवीतल्या सुलक्षणा आणि प्रेमा डबे घेऊन उभ्या. मागे बाई आहेत, याचा दोघींना पत्ताच नव्हता.

"उद्या चाचणी, आणि मला त्या ऋण संख्या अजून कळल्या नाहीत गं," प्रेमा म्हणाली.

"बाईंनी फळ्यावर थर्मामीटर काढला होता ना?"

"शून्याखालची थंडी इथे बघितलीय कोणी?"

"मग ही रांग बघ. काउंटर म्हणजे शून्य. आपण अधिक दहा, अधिक अकरा. नंबर जेवढा लहान, तेवढं रॉकेल आधी."

"आणि उणे?"

"ते काउंटरच्या आत. शेटच्या ओळखीचे मागच्या दाराने येतात ना, ते उणे एक, उणे दोन."

"म्हणजे अधिक एकच्याही आधी?"

"मग! लहान ना ते त्याच्याहून."

"आणि उणे पाच?"

"तो तर पिंपालाच चिकटलाय! आणखी लहान, आणखी आधी."

"अय्या, सोप्पं आहे की! बाईंनी उगाच आठवडा घालवला."

इतक्यात शेटने मान वर केली.

"अरे बाई, तुम्ही रांगेत? पिंपात थोडंच उरलंय. मागच्या दाराने या ना!"

बाईंनी डबा उचलला. समोरच्या चारही वेण्या गर्रकन वळल्या.

"सुलक्षणा," प्रेमा कुजबुजली, "आता बाई किती गं?"

"अधिक बारा!" बाई कडाडल्या, आणि डबा होता तिथेच आपटला.