अन्नाची टाळी

ते सगळं सांगतो, पण आधी तुम्ही मला सांगा, मॅडम — हिरा जळतो का? नाही, चेष्टा नाही करत. चितेत पडला तर जळतो का? पंतुलूंना विचारलं, ते म्हणाले, मंत्र चालू असताना असलं विचारू नये. विजयवाड्याच्या सोनाराला विचारलं, तर तो म्हणाला, तुझ्याकडे आहे का, दाखव. तुमच्या बोटात तर आहेच की एक. घेताना विचारलं नाहीत? — नाही ना. कुणी कशाला विचारेल म्हणा. मधे सरका, मधे. ही टोपलीची होडी आहे, एका अंगाला बसलात की जाग्यावरच गरगरते.

हां, तर कोल्लूर. हे काय, तुमच्या पायाखाली. धरण भरलं तसं गेलं पाण्यात — देऊळ, चिंचेची झाडं, आमचं घर, जुन्या खाणीही. कोहिनूर इथलाच म्हणतात. कुठला खड्डा? आता कुठला म्हणून सांगू, तेव्हा सगळे खड्डेच होते. मागं एक जण आले, त्यांना मी बोट दाखवलं तिथं त्यांनी फोटो काढला. पाण्याचा! घरी जाऊन बायकोला काय दाखवलं असेल, देव जाणे. गोष्टी मला नाही येत. गोष्टी अन्नाला यायच्या. अन्ना म्हणजे येडुकोंडलू, माझा थोरला भाऊ. शाळा दोघांचीही बुडालेलीच, पण आजोबांनी सांगितलेलं त्याला सगळं पाठ. कोहिनूर पुरुषाला लाभत नाही, ज्यानं मिरवला त्याचं राज्य गेलं, कुणाचे डोळे गेले — बाईनं घालावा. मग तो वहिनीला म्हणायचा, 'चेंचम्मा, म्हणजे तू घालायचास आणि मी लांबून बघायचा.' वहिनी म्हणायची, 'महाराज, आधी छपरावर पत्रे घाला, मग माझ्या अंगावर काय घालायचं ते घाला.' अशी दोघं. आणि ती दुसरी गोष्ट, देवीच्या डोळ्यातला हिरा चोरला नि शाप लागला — त्यावर अन्ना हसायचा. म्हणायचा, आमच्या अंकम्मेला वर्षाला नवं लुगडं मिळत नाही, तिच्या डोळ्यात हिरा कोण बसवतो?

त्याची आवडती गोष्ट गुलामाची. तुमच्या पुस्तकात असेल. तो हिरा वेगळा, कोहिनूर नव्हे; तो म्हणे पुढं परदेशातल्या एका बादशहाच्या तलवारीत बसवला, पण सापडला इथं, ह्या मातीत, एका गुलामाला. झडती व्हायची — तोंड उघडायला लावायचे, केसांत बोटं घालायचे. मग त्यानं काय केलं? स्वतःची पोटरी चिरली, हिरा आत सारला, वर पट्टी बांधली आणि लंगडत लंगडत समुद्र गाठला. पुढं? पुढं जहाजाच्या कप्तानानं हिरा काढून घेतला आणि त्याला पाण्यात ढकलला. हे मला तुमच्यासारख्याच एकानं सांगितलं, ह्याच होडीत. अन्ना एवढं सांगायचाच नाही. समुद्र आला की थांबायचा. मी म्हणायचो, 'मग?' तो म्हणायचा, 'पोचला की नाही? पोचला. झालं तर.'

उन्हाळ्यात पाणी उतरलं की हा काठ उघडा पडतो. एक ठेकेदार तिथं माणसं लावायचा, चोरून. माती धुवायची, उरलेली खडी चोपलेल्या जमिनीवर पसरून वाळवायची, मग उन्हाकडे तोंड करून सगळ्यांनी ओळीत बसायचं आणि हातानं एकेक खडा सरकवत जायचं. ज्याला सापडेल त्यानं लगेच टाळी वाजवायची आणि हात वर धरून बसायचं — मुकादम येईस्तोवर खाली घ्यायचा नाही. आमची रीतच आहे ती. अन्नानं टाळी वाजवली नाही. मी शेजारीच होतो हो, मलाही कळलं नाही. झुडपाआड जाऊन आला तो लंगडत — म्हणे फावडं लागलं. झडतीवाल्यांनी तोंड बघितलं, केस बघितले, रक्ताला कुणी हात लावला नाही. अर्ध्या वाटेत माझा खांदा धरून म्हणाला, 'चिन्ना, पोचलो की नाही?' मी म्हटलं, केवढा आहे? तर करंगळीचं नख दाखवलं. दाखवलं नख, खडा नाही. खडा मी पाहिलाच नाही.

मग काढायचा ना बाहेर! पण ठेकेदाराचा माणूस रोज दारात येऊन बसायला लागला. पाय कसा आहे, विचारायचा आणि घरभर बघायचा. अन्ना म्हणायचा, जखम भरू दे, मग सावकाश. पाय सुजला, काळा पडला. दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणाला, डॉक्टर चिरणार, आत बघणार आणि ठेवून घेणार. वहिनीला सांगतो म्हटलं, तर गळ्याची शपथ घातली. मग त्याचा जबडाच मिटला, मॅडम. पाणीसुद्धा आत जाईना. नुसता माझ्याकडे बघायचा. काय सांगायचं होतं? काढ म्हणत होता? काढू नको म्हणत होता?

अग्नी मी दिला. कमरेला विळा होता माझ्या. नाही चालला हात.

तिसऱ्या दिवशी राख गोळा केली ती मी — नाही, जाऊ द्या. — बरं, ऐका. धुतली मी ती. खडी धुतात तशी. चोपून घेतलेल्या जमिनीवर पसरली, वाळवली, उन्हाकडे तोंड करून बसलो आणि एकेक कण सरकवला. वहिनीला वाटलं, दीर अस्थी किती मायेनं वेचतोय. काही नव्हतं. करगोट्याची चांदी वितळून गोळा झालेली, बाकी हाडं. आता बघा — गारगोटी असती तर राहिली असती, आम्ही लहानपणी चुलीत टाकून बघायचो, तडकते पण राहते. म्हणजे हिरा जळत असेल, तर अन्ना खरा. खराच हिरा होता आणि गेला. आणि जळत नसेल, तर वाटेतच कुठंतरी गळून पडला तो, आणि माझा भाऊ रिकाम्या जखमेपायी — फोन नका काढू. इथं नाही लागत. लागला तरी नका बघू. ठेवा, ठेवा म्हणतो ना!

परत फिरू या. फोटो काढायचा तर इथलाच काढा, इथंच सोडली मी राख, आमच्या घराच्या वर असावं असा अंदाज धरून. मडकं पालथं केलं. ती थोडा वेळ वर राहिली, मग बसली खाली. मग मी टाळी वाजवली. एकच. आणि हात वर धरून बसलो.