पेवात ठेवलेली अकरा चित्रं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई, गुरुजी, माझ्या कारभारणीलासुद्धा न्हाई. तुम्ही लिहून घ्यायलात म्हणून सांगतो, आणि लिहिताना माझं नाव गाळू नका. शरणप्पा, राहणार मुडबी, असं सरळ लिहा.

आमचं घर शेतकऱ्याचं. अप्पा कानडीत शिव्या द्यायचे आणि मराठीत समजूत घालायचे, म्हणून आम्हाला दोन्ही भाषा येतात. पंचविशीत मी बैलगाडी केली, बीदर ते कल्याणी भाडं मारायचो, आणि तसल्याच एका फेरीत रंगसायब गाडीत बसला. नाव त्याचं लांबलचक, आमच्या जिभेवर बसायचं न्हाई, म्हणून गावानं रंगसायब केला. इटलीचा माणूस. जुन्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला काढायला त्याला हैद्राबादेत आणला होता, ते काम सरलं, बरोबरचे परत गेले, हा राहिला. कामून राहिलात म्हणून एकदा विचारलं तर म्हणला, शरणप्पा, इधर का आसमान बहुत बड्डा है, अबी पूरा नै हुआ.

त्याचं काम म्हणजे काय सांगू तुम्हाला. माणसं काढायचा न्हाई, देव काढायचा न्हाई. मंठाळकडची उतरण, लाल माती, ज्वारीचं रान, लांबवर एखादं लिंबाचं झाड, झालं. मी बैल सोडायचो, हा चित्र टेकवायची तीन पायांची घोडी मांडायचा आणि बसायचा. नुसता बसायचा. काढा की सायब, म्हणलं तर म्हणायचा नक्को, धूप उतरने देओ. नागव्वा, माझी कारभारीण, म्हणायची, तुमच्या सायबाला सांगा, रान काय पळून जायलाय व्हय, रोज राखण करायला? आणि तीच त्याला भाकरी बांधून द्यायची, ठेच्यात तेल जरा जास्त घालून.

एक दिवस त्यानं विचारलं, सावली का रंग क्या है. मी म्हणलं काळा. तो हसला, माझं डोकं दोन्ही हातांनी धरून लिंबाकडं वळवलं. देख. लई वेळ बघितलं, गुरुजी, आणि मग सावली निळी झाली. खरंच झाली, वांग्याच्या सालीसारखी. त्या दिवसापासून मला रान वेगळंच दिसायला लागलं, नांगरलेल्या ढेकळात जांभळं, बैलाच्या पाठीवर आभाळ. बारा-तेरा वर्षं अशी गेली, झोपेत चालल्यासारखी. हिवाळ्याच्या धुक्यात गाडी चालली की चाकाचा आवाजही ऐकू यायचा न्हाई, वाटायचं आपण जमिनीवर न्हाईच, त्याच्या चित्रातनंच चाललाव.

मग इटलीची आणि इंग्रजाची लढाई लागली. ठाण्याचा अमीन दोन शिपाई घेऊन आला, म्हणला इटलीवाल्यांना छावणीत ठेवायचा हुकूम आहे. सायबानं एक पेटी बांधली आणि अकरा चित्रं माझ्या घरात आणून ठेवली. बाकीची त्यानं ह्याला त्याला देऊन टाकली होती, ही अकरा कुणालाच दिली नव्हती. म्हणला, मी मेलो तरी हे राहिलं पाहिजे, आणि हे तुझ्याकडं. सांगितलं एकच. हवा देना. बंद नक्को. मी दर महिन्याला ती चित्रं भिंतीला लावून दार उघडं ठेवलं. आठ वर्षं, गुरुजी. हे पण लिहा.

निजामाच्या शेवटच्या वर्षी आजूबाजूची गावं जळायला लागली. आमचंही गाव उठलं, सरहद्दीपलीकडं जायचं ठरलं. नागव्वा पोरं घेऊन गाडीत बसली, माझ्या भावानं बैल हाकले. ती ओरडली, अहो, सायबाची चित्रं घ्या की. मी म्हणलं तू हो पुढं, मी बघतो.

आमच्याकडं जपायची वस्तू पेवात जाते. तुम्ही शहरातले म्हणून सांगतो, गावठाणाच्या पांढऱ्या मातीत पुरुषभर खोल खड्डा, आतून कडबा लावलेला, त्यात ज्वारी भरायची, वर शिळा ठेवून मातीनं लिंपायचं. पाच-पाच वर्षं दाणा टिकतो, कारण आत हवाच जात न्हाई. मी विचार केला, दाणा टिकतो तर चित्र कामून टिकायचं न्हाई? पेवाचं तोंड अरुंद, म्हणून चौकटी मोडल्या, कापडं एकावर एक रचली, घोंगड्यात गुंडाळली आणि ज्वारीवर ठेवून तोंड लिंपलं. हवा देना म्हणलेलं ध्यानात होतं. ध्यानात असून लिंपलं.

हिंदुस्थानची फौज आली, निजाम गेला, गडबड निवली, तेव्हा मी एकटा आधी परत आलो. घराला धक्का न्हाई. पेव उघडलं, कोंडलेली वाफ जाऊ दिली, खाली उतरलो. ज्वारी चांगली होती. आंबूस वासाची, पण चांगली. चित्रं मात्र तिच्या उष्णतेनं मऊ होऊन चिकटली होती, अकराचा एकच थर. सोडवायला गेलो तर वरच्या चित्राचं आभाळ घोंगड्याला लागून निघालं. मी तिथंच खाली बसलो. मग ते सगळं एका पडक्या पेवात टाकलं आणि वर माती लोटली. नागव्वा आल्यावर तिला सांगितलं, दंगेखोरांनी अंगणात ओढून जाळली. त्या दिवसांत कुणी जास्त विचारत नव्हतं. जळालं म्हणलं की झालं.

हुरड्याच्या दिवसांत सायब आला. छावणीतनं सुटून मुंबईत आजारी पडला होता, मग इकडची वाट बंद झाली होती. केस पांढरे, अंग वाळलेलं. नागव्वा रडली, म्हणली, सायब, तुमची चित्रं गेली हो, जाळली मेल्यांनी, हितंच, अंगणात. मी नुसती मान हलवली.

सायब उकिडवा बसला आणि अंगणाकडं बघत राहिला. लई वेळ. मग बोटानं माती उकरून तळहातावर घेतली. गुरुजी, भाजलेली माती तांबडी होते, ती किती पाऊस पडला तरी धुऊन जात न्हाई. आमच्या पांढऱ्या मातीत ज्याला सात रंग दिसायचे, त्याला हितं काही जळालंच न्हाई हे दिसणार न्हाई व्हय?

तुम लोगां सब जीते हैं? त्यानं विचारलं. मी म्हणलं व्हय. बच्चे? व्हय. त्यानं माती झटकली, नागव्वाला म्हणला, अक्का, घर बच गया, अच्छा हुआ. हुरडा खाल्ला, ताक प्याला आणि चालत निघाला. मी वेशीपर्यंत गेलो. वाटेत दोनदा तोंड उघडलं. दोन्हीदा बैलांविषयी बोललो.

मायदेशी गेला म्हणतात. पत्ता मला ठाऊक न्हाई. असंल तिथं बसवण्णा त्याच्या डोळ्यांना उजेड देवो. नागव्वा अजून त्या दंगेखोरांना शिव्या घालते, मी भाकरी मोडत ऐकतो. आज तुम्ही गेल्यावर तिला सांगणार आहे, ती काय म्हणायची ते म्हणू दे. चित्रं तर आता मी परत देऊ शकत न्हाई. पण त्या दिवशी वेशीपर्यंतच्या वाटेवर खरं सांगायला पाहिजे होतं, ते त्याचं देणं माझ्याकडं अजून तसंच आहे.